मुठीत मावलेला हिवाळा

सालकिनाय-एजेची कचेरी आणि माझा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीत दोघींची मिळून एक भट्टी. सकाळी तिने कोळसा घातला की माझी मुलं बोटं सरळ करून लिहायला लागतात. ती रजेवर असली की आम्ही अंगातले कोट काढत नाही. एवढ्याशा ओळखीवर मी मधल्या सुट्टीत तिच्याकडे चहाला जायला लागले. पुढे तिने माझा पेला वेगळा ठेवला. मी तिला 'एजे', म्हणजे थोरली बहीण म्हणते; मला धाकटी बहीण वगैरे ती कधी म्हणाली नाही, 'मास्तरीण' म्हणते. पण साय माझ्याच पेल्यात जास्त पडते.

कचेरीत ती नेमकी कोण हे सांगणं अवघड आहे. जन्माचे दाखले ती देते, मेंढ्यांच्या लसीचा दिवस ती पुकारते, छत गळलं की मेणकापड तीच बांधते. तरुणपणी ती ओश शहरातल्या रेशीम कारखान्यात होती. कारखाना बंद पडला, लग्न झालं, आणि ती आमच्या सारीबुलुंगच्या वरच्या आळीत, अगदी शेवटच्या घरात आली. नवरा वर्षातले बरेच महिने सैबेरियात इमारतींच्या कामावर असतो. घरी ती आणि तिची सासू, उलकान-अपा.

कचेरीतला एकमेव संगणकही तिच्याच ताब्यात. आमचे गावप्रमुख आशिरबेक-आका यांनी तो तिला शिकवला, म्हणजे चालू कसा करायचा ते दाखवलं आणि सांगितलं, "लाल चौकट आली की हात लावायचा नाही. बाकी सगळं आपोआप होतं."

आपोआप होणाऱ्या गोष्टींत डोंगरही होता.

वरच्या आळीच्या डोक्यावर जो उतार आहे त्याला एक चीर आहे. वसंतात बर्फ वितळलं की आमच्या बाजूचे उतार सुटून खाली येतात, हे इथल्या लहान मुलालाही माहीत असतं. म्हणून शहरातल्या खात्याने चिरेच्या खालच्या काठावर एक लोखंडी खांब रोवला. खांबावर पेटी, पेटीतून निघालेली तार चिरेपलीकडच्या खुंटीला अडकवलेली. चीर रुंदावली की तार ताणली जाणार. फार ताणली तर कचेरीवरचा भोंगा वाजणार आणि वरच्या आळीने होतं ते टाकून खाली यायचं. एरवी पेटी रात्रंदिवस तारेची लांबी मोजून संगणकाला कळवत राहणार. महिना संपला की संगणक ते सगळे आकडे आवळून त्यांची एक लहान फाईल करणार, आणि सालकिनाय-एजेने ती शहरात पाठवायची.

त्या हिवाळ्यात भोंगा एकदाही वाजला नाही. लाल चौकट मात्र येत राहिली.

पहिल्यांदा आली तेव्हा मी तिथेच होते. विषाणू हुडकणाऱ्या प्रोग्रॅमने पडदा अडवला होता: ही फाईल प्रमाणाबाहेर आवळलेली आहे, आत पाहता आलं नाही, हा बॉम्ब असू शकतो.

"बॉम्ब?" एजेने खुर्ची मागे सरकवली.

आशिरबेक-आका दारात पाय झटकत होते. "काय म्हणतोय तुझा डबा?"

"डोंगराच्या फाईलमध्ये बॉम्ब आहे म्हणतो."

"म्हणजे डोंगराला विषाणू झाला!" ते इतके हसले की टोपी हातात घ्यावी लागली. "मेंढ्यांची सुई शिल्लक आहे ना? जा, टोचून ये. पण दोघं मिळून धरा त्याला, लाथ मारेल."

"हसा तुम्ही. उडाला तर माझ्या तोंडावर उडेल."

"मग उघडू नकोस. ठेव बाजूला."

तिने ठेवली. तरी एकदा तिने ती शहरात पाठवून पाहिली, तर तिकडच्या संगणकावरच्या पहारेकरी प्रोग्रॅमनेही तोच शेरा मारून परत धाडली. मग तिने 'स्पर्श करू नये' नावाची जागा केली आणि दर महिन्याची फाईल तिथे सरकवत गेली. तिला त्या फायलींची भीती वाटायची. पूर्वीच्या फायली पाठवायला अर्धी दुपार लागायची, आणि या इतक्या लहान की हवामानाचा कागदही त्यांच्यापेक्षा जड. एकदा चहा ओतता ओतता म्हणाली, "मास्तरीण, एवढा हिवाळा एवढ्याशात कसा मावतो गं? पोटात काहीतरी दडवून बसल्यासारखी वाटते ती."

वरच्या आळीत तेव्हा लहानसहान गोष्टी व्हायला लागल्या होत्या.

झऱ्याचं पाणी आटलं आणि चार घरं खाली, कोणाच्या तरी गोठ्याच्या मध्यातून, गढूळ होऊन वर आलं. दारं चौकटीत बसेनात. कुंपणाची सरळ रांग वाकली, पण एकही खुंट उपटलेला नव्हता. जणू झोपेत कुणी पाठ वळवावी तशी रांगच वळली होती. कुत्री अंगणं सोडून रस्त्याच्या मध्यावर झोपू लागली. मी एकदा एजेकडे जेवायला गेले तेव्हा अपांनी पुढे केलेल्या वाडग्यातलं दही एका काठाला लागलं होतं आणि दुसऱ्या काठाकडून बोटभर खाली होतं. मी वाडगा फिरवला. दही पुन्हा त्याच बाजूला गेलं.

"अपा, जमीन कलती झालीय का?"

"म्हातारं घर आहे, मास्तरीण. म्हातारी माणसं एका कुशीवरच झोपतात."

आणि मग तो आवाज. शेजारच्या खोलीत कुणीतरी जड पेटी हळूच, कुणाला कळू न देता सरकवावी तसा. शेजारी खोली नव्हती. तिकडे भिंत आणि भिंतीमागे डोंगर.

एजेने माझ्याकडे पाहिलं. अपांनी भाकर मोडून आमच्या दोघींपुढे टाकली. "खा. तुझा सासरा कूस बदलतोय," त्या सुनेला म्हणाल्या.

त्यांचा नवरा वर उतारावरच्या दफनभूमीत आहे. दर शुक्रवारी अपा कढईत पिठाचे तुकडे तळून त्याच्यासाठी तेलाचा वास काढायच्या. मेलेल्यांना तो वास पोचतो म्हणून आमच्याकडे सगळेच काढतात. पण त्या दार उघडं ठेवून बसायच्या, आणि कुणी आलं नाही तरी थोडं सरकून जागा द्यायच्या.

एजे घाबरत होती, पण तिच्या भीतीला उत्तर तयार होतं. "खांब बोलला नाही अजून," ती म्हणायची. सगळी आळी हेच म्हणायची. खांब बोलला की उतरू.

बर्फ काळं पडायला लागलं तेव्हा शहरातून फोन आला. खात्यात मेलिस नावाचा नवा तरुण लागला होता आणि त्याला सारीबुलुंगचा अख्खा हिवाळा सापडत नव्हता. एजेने फोन मोठ्या आवाजावर टाकला. मी भट्टीशी पाठ शेकत बसले होते.

"एजे, तुम्ही काही पाठवलंच नाहीत."

"पाठवलं होतं. तुमच्याच दारावरून परत आलं. बॉम्ब आहे त्यात."

"बॉम्ब? चौकटीत काय लिहिलंय, वाचा बरं पूर्ण."

तिने शाळेतल्या मुलीसारखं उभं राहून वाचलं.

"हां. बघा एजे, यात विषाणू सापडला असं कुठेच लिहिलेलं नाही. आत पाहता आलं नाही, एवढंच तो म्हणतोय. तपासायला फाईल उलगडावी लागते. ही उलगडली तर इतकी पसरेल की संगणक भरून जाईल, असं त्याला वाटलं, म्हणून तो दारातच थांबला. काही टवाळ लोक मुद्दाम असल्या फायली बनवतात, बाहेरून चिमूटभर आणि उघडली की यंत्राचा जीव घुसमटतो. त्यांना बॉम्ब म्हणतात."

"मग ही कुणी बनवली?"

"तुमच्याच संगणकाने. म्हणून टवाळी नसावी. पण इतकी लहान का झाली ते बघायला हवं."

"तेच तर मी हिवाळाभर विचारतेय."

"समजा मी तुम्हाला सांगितलं, हजार पानं भरून 'बर्फ' लिहून पाठवा. तुम्ही हजार पानं पाठवाल?"

"वेडी आहे का मी? 'बर्फ, हजार पानं' एवढंच लिहीन."

"आवळणं म्हणजे तेच. जे पुन्हा पुन्हा येतं ते एकदाच लिहायचं. दर ओळीला वेगळं काही असेल तर फार आवळता येत नाही."

एजे हळूहळू खुर्चीत बसली.

मेलिसने तिला फाईल न उघडता तिच्या पोटातली यादी कशी बघायची ते सांगितलं. आवळलेला आकार एका बाजूला होता आणि उलगडल्यावर होणारा दुसऱ्या बाजूला, आणि दुसरा वाचताना तिची जीभ अडखळली. मागच्या वर्षीच्या हिवाळ्यातली फाईल बघायला सांगितली तर तिथे दोन्ही आकार एकमेकांच्या बरेच जवळ. मग त्याने या वर्षीच्या सगळ्या फायली एका वेगळ्या वाटेने मागवून घेतल्या, त्याच्याकडे असलेल्या मोकळ्या, कुणाशी न जोडलेल्या संगणकावर उलगडायला. आम्ही थांबलो. माझी सुट्टी संपली, मुलं भिंतीवर ठोकायला लागली, तरी मी उठले नाही.

फोनमधून त्याचा आवाज आला तो मघापेक्षा बारीक होता.

"एजे, एकच आकडा आहे."

"म्हणजे?"

"शरदापासून गेल्या महिन्यापर्यंत. एकच. मी मधून कुठूनही बघतोय, तोच आहे. वाऱ्याने हललेला नाही, थंडीने आखडलेला नाही."

"गेल्या वर्षी तारेवर साळुंकी बसली तरी आकडा हलायचा," एजे म्हणाली. "मी पाहिलंय. मी इथे बसून ओळखायची, आज वर वारा आहे."

"हो."

"मग डोंगर निजलाय का?"

"निजलेलंही श्वास घेतं, एजे." तो म्हणाला आणि मग बहुधा आपल्याच बोलण्याने दचकला. "तार तुटली असती तर आकडे थांबले असते. पेटी चालू आहे, तार आहे, पण ती डोंगर मोजत नाहीये. मी निघतो, पण घाट बंद आहे, वळसा घालून पोचेपर्यंत उद्याचा दिवस उजाडेल. कुणी वर जाऊन बघू शकेल?"

मी मुलांना घरी सोडलं आणि आम्ही दोघी निघालो.

चिरेजवळ खांब नव्हता. खांबाचा खड्डा होता, आणि तो तिरपा झाला होता, जमिनीने तोंड वाकडं करावं तसा. पलीकडच्या काठावर खुंटी दिसत होती. मी लहान असताना त्या चिरेवरून आम्ही उड्या मारायचो. आता खुंटी इतक्या लांब होती की तिच्यावरचा गंज दिसत नव्हता. मधल्या काळ्या पट्ट्यातून गार वाफ वर येत होती आणि काठांवरचं गवत मुळांसकट आत लोंबत होतं. खाली खोल कुठेतरी दगड सुटला. तो आपटल्याचा आवाज ऐकायला आम्ही थांबलो, आणि तो आलाच नाही.

"खांब कोणी नेला?" मी कुजबुजले. का कुजबुजले कोण जाणे.

एजे दफनभूमीकडे बघत होती. तिथल्या जुन्या पिराच्या जागी, घोड्याच्या शेपट्या आणि पांढऱ्या चिंध्या बांधलेल्या काठ्यांमध्ये, एक काठी बाकीच्यांहून सरळ होती. आम्ही जवळ गेलो. खांब दगडांत घट्ट रोवलेला होता. तार नीट गुंडाळून, तिचं टोक खांबालाच बांधलं होतं, सुताची लडी बांधतात तसं. वर निळ्या, पांढऱ्या चिंध्या. पायाशी तळलेल्या पिठाचे तुकडे, बर्फाने कडक झालेले. पेटीवरचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता. तो अजूनही कळवत होता की सगळं होतं तसंच आहे.

एजेने त्यातली एक निळी चिंधी बोटात धरली. ती तिच्या सासूच्या जुन्या ओढणीची होती.

घरी अपा चुलीशी बसल्या होत्या. लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या मनातही नव्हतं.

"आणला ना. आम्ही बायकांनीच आणला, शरदात. कलंडला होता बिचारा. मयतांच्या उशाशी काठी कलंडलेली, चांगलं दिसतं का? पडला असता तर आळीतलं कुणीतरी गेलं असतं. कोंबडं कापलं, पठण केलं, रोवला पिरापाशी. हिवाळाभर बघ, एक माणूस गेलं नाही."

"अपा," एजे म्हणाली, "तो कलंडला होता कारण जमीन सरकत होती."

"म्हणूनच तर सरळ केला."

एजे मला घेऊन आशिरबेक-आकांकडे गेली. ते आधी म्हणाले, बायकांनी डोंगर बांधून ठेवला तर बिघडलं कुठे. मग एजेचा चेहरा बघून एकटेच वर गेले. परत आले तेव्हा त्यांची टोपी डोक्यावर नव्हती आणि ती कुठे पडली हे त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी शाळेची घंटा काढून घेतली आणि वरच्या आळीतून वाजवत फिरले.

लोक उतरले. गाद्या, शिलाईयंत्रं, कोकरं, एकाने तर दारच काढून पाठीवर घेतलं. ऊन होतं, आकाश निळं होतं, आणि त्या उजेडात डोंगर इतका गप्प बसला होता की उतरणाऱ्यांनाच आपली लाज वाटावी. दुपार कलेपर्यंत सगळी आळी शाळेच्या पटांगणात होती. एक घर सोडून.

अपा भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या, ज्या भिंतीमागे डोंगर.

"मी गेले आणि तो आला तर? रिकामं घर बघेल."

"अपा, ऐकू येत नाही का तुम्हाला?" पेटी सरकवल्यासारखा तो आवाज आता थांबत नव्हता. फळीवरचे पेले आपसात बारीक वाजत होते.

"मला ऐकू येतंय म्हणूनच बसलेय. तू जा. तू तरुण आहेस. मास्तरणीला ने."

पुढचं दार चौकटीत पक्कं अडकलं होतं. आम्ही मागच्या खिडकीतून आत शिरलो होतो. त्या खिडकीतून अपांना उचलून नेणं आम्हा दोघींना शक्य नव्हतं. एजेने त्यांचे खांदे धरले, मग सोडले. ती खोलीच्या मध्यात जाऊन उभी राहिली, भिंतीकडे तोंड करून.

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. तो जिवंत असताना नाही, गेल्यावर तर नाहीच. एजेच्या सासऱ्याचं नाव ताशतान, आणि आमच्या बोलीत दगडाला 'ताश' म्हणतात, म्हणून लग्नापासून तिने दगडालाही कधी दगड म्हटलं नव्हतं. 'ते जड' म्हणायची. मुलं तिची नक्कल करायची.

"ताशतान!" तिने हाक मारली. शेतातून कुणाला जेवायला बोलवावं तशी, मोठ्याने. "ताशतान-अता! खाली चला. आम्ही खाली जातोय. ताशतान-अता, उठा!"

अपांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आणि पुढचं दार उघडलं. आठवडाभर कुणाच्या खांद्याने न हललेलं दार स्वतःहून, सावकाश, पूर्ण उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. मला माहीत आहे, चौकट पिळली गेली की दार सुटतं. मेलिसनेही नंतर तेच सांगितलं. पण त्या वेळी आम्ही तिघीही उंबऱ्यातल्या उजेडाकडे बघत होतो, आणि कुणीतरी बाहेर पडल्यावर दार जसं थोडं डुलत राहतं तसं ते डुलत होतं.

अपा उठल्या. "निघाला," त्या म्हणाल्या. "उतार आहे, बर्फ आहे. त्याचा हात कोण धरणार?" आणि काठी न घेताच आमच्या पुढे चालायला लागल्या, एक हात कोपरात वाकवून, बाजूला धरून.

डोंगर दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मेलिसची गाडी तेव्हा नुकतीच पुलावर पोचली होती. मी कल्पना केली होती तसा कडाडला नाही. वरचे पॉप्लर वृक्ष चालायला लागले. उभेच्या उभे, एकमेकांमधलं अंतर राखून, ते आळीकडे चालत आले. मग घरं निघाली. एजेचं घर सर्वांत पुढे होतं. धुराडं सरळ, छप्पर शाबूत, पुढचं दार उघडं. ते ओढ्यापर्यंत तसंच आलं आणि तिथे गुडघ्यावर बसल्यासारखं खाली बसलं. त्यानंतर मातीने सगळं झाकलं. पटांगणात कुणी ओरडलं नाही. एक बाई सगळ्यांची नावं घेऊन बघत होती, आणि प्रत्येक नावाला उत्तर मिळत होतं.

नवा खांब आता दुसऱ्या बाजूच्या उतारावर आहे. मेलिसने स्वतः रोवला आणि चिंध्या बांधायला शेजारी एक साधी काठीही रोवून दिली. या खांबाची फाईल जड असते, पाठवायला वेळ लागतो, आणि तो वेळ लागत असताना एजे खूश असते. लाल चौकट आली तर ती आता खुर्ची मागे सरकवत नाही, पुढे ओढते आणि शेवटपर्यंत वाचते.

ती आणि अपा खालच्या आळीत, माझ्या घराजवळ राहतात. गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा पथारीवर पेले मांडलेले होते. आम्ही तिघी आणि पेले चार. नावाबद्दल अपा सुनेला एकदाही बोलल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. फक्त त्या दिवसापासून एक काम तिच्यावर टाकलंय.

"चहा निवतोय," अपा म्हणाल्या. "त्याला साय हवी का विचार."

"तुम्हीच विचारा ना, अपा."

"मी कशाला? घराबाहेर हाक मारून तू काढलंस. आता माझं कुठे ऐकतो तो."

एजेने माझ्याकडे पाहिलं नाही. सायीचा चमचा हातात धरून ती चौथ्या पेल्याकडे वळली, ओढणी सावरली, आणि हळू आवाजात ते नाव घेतलं. मग मान किंचित कलती करून ती थांबली. खोलीत कसलाच आवाज नव्हता.

थोड्या वेळाने तिने त्या पेल्यात साय घातली. एक चमचा, आणि मग अर्धा आणखी.